अठरा किलो आणि बाबांची फाईल

डॉक्टरांनी माझे दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, एक चौदा महिन्यांपूर्वीचा आणि एक परवाचा, आणि पेनाचं टोपण न काढताच एकेका ओळीवरून सावकाश खाली येत गेले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर मी कौतुक ऐकायला गेले होते. ८४ किलोवरून ६६ किलो, रोजचं चालणं, रात्रीचं जेवण लवकर आणि कमी, आठवड्यातून तीनदा वजनं उचलणं, आणि हे सगळं घर नि ऑफिस सांभाळून. त्यांनी कौतुक केलंही, अगदी मनापासून केलं. मग एका ओळीवर पेन थांबलं आणि त्यांनी विचारलं, "वडील कितव्या वर्षी गेले म्हणालात?"

४७व्या. मी आता ४४ची आहे.

बाबांबद्दल नीट लिहायला हवं, कारण सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. बाबा बारीक होते. म्हणजे नुसते बारीक नाही, शर्ट खांद्यावरून लोंबायचा इतके बारीक, मनगटावरचं घड्याळ फिरून आतल्या बाजूला जायचं आणि बोलता बोलता ते दुसऱ्या हाताने पुन्हा वर आणायचे, ती त्यांची सवयच होती. बिडी-सिगारेट नाही, दारू नाही, सगळीकडे पायी. १९९६ साली एका सकाळी छातीत दुखतंय म्हणाले आणि दुपारपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा १५ वर्षांची होते, दादा १९चा.

त्यानंतर घरात हार्टची भीती आली ती कायमचीच, पण ती राहायला आली माझ्याकडे. का, तर मी जाड होते. बाळंतपणानंतर तर जास्तच. कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की कोणीतरी मावशी-काकू बाजूला घेऊन सांगणार, अगं वडिलांचं असं झालंय, वजनाकडे बघ. आणि दादाबद्दल काय म्हणायचे माहितीये? दादा बाबांवर गेलाय, अंगकाठी बाबांची, त्याला कसली भीती! हे वाक्य आमच्या घरात जवळजवळ तीस वर्षं सगळ्यांनी ऐकलं, मी पण, आणि एकालाही ते खटकलं नाही.

तर वजन कमी करणं म्हणजे माझ्यासाठी बाबांच्या वाटेवरून बाजूला होणं होतं. काट्यावरचा प्रत्येक किलो मी तसाच मोजला. आणि डॉक्टरांनी त्या दिवशी मला जे समजावून सांगितलं ते पचायला मला बरेच आठवडे लागले, म्हणून लिहून काढतेय, कदाचित माझ्यासारखंच कोणीतरी रिपोर्ट हातात घेऊन बसलं असेल.

साखरेचं आधी सांगते, कारण तिथली बातमी चांगली आहे. माझं एचबीएवनसी ६.३ होतं ते ५.६ झालं, उपाशीपोटीची साखर ११८ होती ती ९७. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी, एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, ६.५पासून पुढे मधुमेह, आणि उपाशीपोटी १०० ते १२५ काठावर, १२६पासून मधुमेह. एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या लाल पेशींना किती साखर चिकटलीये त्याचं प्रमाण, आणि लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब सांगतो, कालच्या रात्रीचा नाही. (यात एक गोम आहे. अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच थोडा जास्त येऊ शकतो, आणि रक्तस्राव वगैरे झाला असेल, पेशी लवकर मरत असतील, तर उगाच कमी. बायकांनी हे लक्षात ठेवायलाच हवं, मला कोणी सांगितलं नव्हतं.)

साखर का सुधारली हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आरशात दिसणारी चरबी आणि त्रास देणारी चरबी या वेगळ्या असतात. कातडीखाली चरबी साठवायची प्रत्येकाची आपापली टाकी असते, कोणाची मोठी, कोणाची छोटी. ती भरली की उरलेली चरबी जिथे जायला नको तिथे जाते, लिव्हरमध्ये आणि पॅन्क्रियाजमध्ये, म्हणजे स्वादुपिंडात. लिव्हर चरबीने भरलं की ते इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि रात्रभर साखर सोडत राहतं, म्हणून सकाळची उपाशीपोटीची साखर चढलेली. ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या रॉय टेलर यांनी हे सगळं एमआरआय करून मोजलंय. २०११ साली त्यांनी मधुमेहाच्या ११ लोकांना आठ आठवडे दिवसाला सुमारे ६०० कॅलरींवर ठेवलं, तर पहिल्या सात दिवसांतच लिव्हरमधली चरबी ३० टक्क्यांनी उतरली आणि उपाशीपोटीची साखर नॉर्मलला आली. सात दिवसांत! पॅन्क्रियाजमधून जी चरबी जाते ती तर एक ग्रॅमपेक्षाही कमी. मी १८ किलो कमी केले त्यातलं बहुतेक कपड्यांच्या मापात गेलं, आणि माझ्या साखरेसाठी ज्याने काम केलं ते वजन मूठभरही नसेल.

हे ऐकून मला खूप बरं वाटलं होतं, अजूनही वाटतं. पण त्यातच दुसरी बाजू पण आहे. टाकीचं माप तेच राहतं. वजन परत चढलं की चरबी परत त्याच वाटेने जाणार, आणि माझ्या टाकीचं माप छोटं आहे हे मला आता माहितीये. १५ वर्षांपूर्वी लेकीच्या वेळी मला गरोदरपणातली साखर झाली होती. डिलिव्हरी झाली, साखर उतरली, सगळे विसरले, मीही विसरले. ज्या बाईला गरोदरपणात साखर होते तिला पुढे टाइप टू मधुमेह व्हायची शक्यता बाकीच्या बायकांपेक्षा सातपट किंवा त्याहूनही जास्त असते, आणि त्या १५ वर्षांत एकदाही कोणी मला त्याबद्दल विचारलं नाही. तो काळ म्हणजे शरीराने आधीच घेऊन दाखवलेली परीक्षा होती आणि मी त्यात काठावर नापास झाले होते. ६६ किलो झाले म्हणून ती गोष्ट पुसली जात नाही. माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर आता मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय, गरोदरपणात साखर, वय २९.

आता टक्क्यांबद्दल. अमेरिकेत डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम नावाचा मोठा अभ्यास झाला, २७ ठिकाणी, साखर काठावर असलेले ३२३४ लोक, निकाल २००२ साली आला. वजन सात टक्क्यांनी कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, एवढंच टार्गेट. त्या गटात मधुमेह ५८ टक्क्यांनी कमी झाला, मेटफॉर्मिन या साखरेच्या गोळीवाल्या गटात ३१ टक्क्यांनी. ५८ टक्के हा आकडा मी कुठेतरी वाचला होता आणि माझ्या डोक्यात तो असा बसला होता की माझी भीती निम्म्याहून जास्त गेली, विषय संपला. डॉक्टरांनी तोच आकडा दुसऱ्या बाजूने मांडला. काहीच न केलेल्या गटात दर वर्षी १०० पैकी ११ जणांना मधुमेह होत होता, चालणाऱ्या-वजन उतरवणाऱ्या गटात १०० पैकी पाचला थोडे कमी. म्हणजे दर वर्षी शंभरात सहा जण वाचत होते, ही फार मोठी गोष्ट आहे, इतक्या साध्या उपायाने इतके लोक वाचतात असं औषधांच्या जगात क्वचित दिसतं. पण पाच जणांना सगळं करूनही होतच होता. त्या पाचात मी नसेन असं कुठलाही काटा मला सांगू शकत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी रक्त द्यायचं, बारीक झाले तरी द्यायचं.

हे झालं साखरेचं. हार्टच्या बाबतीत मात्र मी पूर्ण चुकीच्या समजुतीत होते.

माझं टोटल कोलेस्टेरॉल २४१ होतं ते २१८ झालं. २३ने उतरलं म्हणून मी लॅबच्या बाहेर उभी राहून नवऱ्याला फोन केला होता. डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला तीन ओळी लिहिल्या. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी, २१० वरून ११२. चांगलं कोलेस्टेरॉल, एचडीएल, ४१ वरून ४७. आणि एलडीएल, ज्याला आपण वाईट म्हणतो ते, १५८ वरून १४९. मग म्हणाले, आता हे २३ कुठून आले बघूया. बऱ्याच लॅब एलडीएल थेट मोजत नाहीत, गणित करून काढतात, १९७२ साली फ्रीडवाल्ड वगैरे मंडळींनी दिलेलं साधं सूत्र आहे, टोटलमधून एचडीएल वजा करायचं, मग ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करायचा, उरलं ते एलडीएल. माझ्या ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा आधी ४२ होता, आता साधारण २२. म्हणजे टोटलमधले २० तिथूनच गेले! एलडीएल स्वतः जेमतेम नऊने हललं होतं.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. अठरा किलोंना नऊ.

त्यांनी सांगितलं की यात काही विचित्र नाही, वजन उतरलं की ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतात, बीपी उतरतं, माझं १३८-८८ होतं ते १२४-७८ झालं होतं, लिव्हर सुधारतं, साखर सुधारते, एलडीएल मात्र बऱ्याच लोकांत थोडंसंच हलतं, कारण ते रक्तातून किती वेगाने उचललं जातं हे लिव्हरवर असलेल्या रिसेप्टरवर, म्हणजे ते पकडणाऱ्या हातांवर, ठरतं आणि त्यात आनुवंशिकतेचा हात मोठा असतो. (वजन भराभर उतरत असताना केलेली कोलेस्टेरॉलची टेस्ट तर फसवूही शकते, चरबीच्या पेशींत साठलेलं कोलेस्टेरॉल बाहेर येत असतं, म्हणून वजन दोन-तीन महिने स्थिर झालं की मगच तपासायचं. माझं तीन महिने ६६वर टिकलेलं होतं, त्यामुळे ती पळवाट पण नव्हती.)

आणि मग ती ओळ, जिच्यावर पेन थांबलं होतं. लायपोप्रोटीन-ए, लॅबवाले एलपी-ए म्हणतात. माझी ९२ आली होती, मिलिग्रॅममध्ये. ५०च्या वर जास्त समजतात. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, त्या वेळी त्यांनी वडिलांचं ऐकून टेस्टच्या यादीत स्वतःहून घातलं होतं आणि मी काही न विचारता रक्त दिलं होतं. एलडीएलसारखाच कण असतो, त्याला एक जास्तीचं प्रथिन चिकटलेलं असतं, आणि तो रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून जास्त उपद्रव करतो. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी तो शोधला. जगात साधारण पाचातल्या एका माणसात तो जास्त असतो. आणि तो किती असणार हे जवळपास पूर्णपणे आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं, लहानपणीच ठरतं आणि आयुष्यभर साधारण तेवढाच राहतो. जेवण बदला, चाला, पळा, २० किलो उतरवा, ती ९२ची ९२च. नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीनेही ती उतरत नाही.

"म्हणजे हे बाबांकडून आलं?" मी विचारलं.

"असू शकतं. आईकडूनही असू शकतं. तुमच्या वडिलांचं रक्त आपल्याकडे नाही," ते म्हणाले. "पण बारीक माणूस, सिगारेट नाही, ४७व्या वर्षी अटॅक, तर मला पहिला संशय एलडीएल आणि याच्यावर येतो."

रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. स्वतःसाठी कमी आणि बाबांसाठी जास्त. इतकी वर्षं मनात कुठेतरी होतं की त्यांनी काहीतरी चुकवलं असणार, दगदग केली असणार, जेवणाच्या वेळा पाळल्या नसणार, आईने लक्ष दिलं नसणार, आम्ही पोरांनी त्रास दिला असणार. आईने तर स्वतःला किती दोष दिलाय ते मी बघितलंय. आणि कदाचित असं काहीच नव्हतं. कदाचित एक कण होता जो कोणी मोजला नव्हता.

घरी येऊन मी हार्टचा धोका किती ते सांगणारा रिस्क कॅल्क्युलेटर भरला. ही कॅल्क्युलेटरची कल्पना मुळात अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातून आली, तिथे १९४८ साली ५२०९ माणसांना तपासायला घेतलं आणि वर्षानुवर्षं बघत राहिले की कोणाला अटॅक येतो आणि त्याच्यात आधीपासून काय वेगळं होतं. बीपी, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांची नावं आज पोराटोरांना माहिती आहेत ती या गावामुळे. आता २०२३ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने नवीन कॅल्क्युलेटर काढलंय, प्रिव्हेंट नावाचं, त्यात किडनीचं काम पण बघतात. मी आकडे भरले, तर दहा वर्षांतला धोका आला दीड टक्का. दीड! क्षणभर वाटलं डॉक्टर उगाच घाबरवतायत. मग त्याच्याच खाली तीस वर्षांचा आकडा होता, तो दहाच्या जवळपास. दहा वर्षांच्या हिशोबात वयाचंच वजन सगळ्यात जास्त असतं, चाळिशीतल्या बाईचा आकडा जवळपास नेहमीच छोटा येणार. आणि त्या दीड टक्क्यात माझे वडील नव्हते. एलपी-ए नव्हती. गरोदरपणातली साखर नव्हती. ते रकानेच नव्हते. जवळच्या नात्यातल्या पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हार्टचा त्रास झाला असेल तर तो कौटुंबिक इतिहास धरतात, आणि तो डॉक्टरने स्वतःच्या अकलेने वरून धरायचा असतो.

मला अजून एका गोष्टीने झोपू दिलं नाही. कोरियन युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली होती, १९५३ साली ते छापून आलं. ३०० जण, सरासरी वय २२, आणि त्यातल्या ७७ टक्क्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे थर बसायला सुरुवात झालेली होती. बावीस वर्षांची, धडधाकट, सैन्यात भरती होण्याइतकी तंदुरुस्त पोरं. म्हणजे हे काम चाळिशीत सुरू होत नाही. एलडीएल किती आहे आणि ते किती वर्षं तसं आहे, या दोन्हींचा गुणाकार रक्तवाहिनीच्या भिंतीत जमा होत जातो. माझं एलडीएल १५०च्या घरात किती वर्षं होतं कोणाला माहीत, मी ३८व्या वर्षापर्यंत कधी मोजलंच नव्हतं. चौदा महिन्यांनी मागचं काही खरवडून निघालं नाही.

मग वजन उतरवण्याचा हार्टला उपयोगच नाही का? मी डॉक्टरांना पुढच्या वेळी अगदी असंच, थोडं चिडूनच विचारलं. ते म्हणाले, आहे, पण तो वेळ घेतो आणि सरळ रेषेत येत नाही. लुक अहेड नावाचा अभ्यास झाला, मधुमेह असलेले ५१४५ लोक, एका गटाला जोरदार आहार-व्यायाम. साडेनऊ वर्षं बघून २०१२ साली थांबवला, कारण अटॅक-स्ट्रोकमध्ये दोन गटांत फरक दिसेना. त्यांची साखर सुधारली, बीपी सुधारलं, तब्येत, झोप सुधारली, पण हार्टचा आकडा नाही हलला. आणि दुसरीकडे चीनमधल्या डाचिंग शहरात १९८६ साली ५७७ लोक घेतले होते, साखर काठावरचे, त्यातल्या काहींना सहा वर्षं आहार-व्यायाम. तीस वर्षांनी हिशोब केला तर आहार-व्यायामवाल्यांना मधुमेह सरासरी चार वर्षं उशिरा झाला आणि हार्ट-स्ट्रोकचे प्रकार २६ टक्क्यांनी कमी. मला ती चार वर्षं फार महत्त्वाची वाटली. बाबांना चार वर्षं जास्त मिळाली असती तर मी १९ची असते.

डॉक्टरांनी एलडीएल उतरवायला स्टॅटिन, म्हणजे ती नेहमीची कोलेस्टेरॉलची गोळी, घ्यायला सांगितली होती, आणि त्याबद्दल मी खूप अडून बसले होते, हेही सांगायला हवं. इतकं केल्यावर गोळी घ्यायची म्हणजे हरल्यासारखं वाटत होतं. त्यात स्टॅटिनने साखर थोडी वाढते हे मी वाचलेलं, आणि माझी साखर तर मी इतक्या कष्टाने उतरवलेली. डॉक्टरांनी तेही लपवलं नाही. २५५ लोकांनी चार वर्षं गोळी घेतली तर त्यात मधुमेहाची एक केस जास्त होते, असं बऱ्याच अभ्यासांचं मिळून गणित आहे, आणि ती बहुतेक आधीच काठावर असलेल्यांत. "तुम्ही काठावरून आत आलायत, ते तुमच्या चालण्याने," ते म्हणाले. "ते चालणं तुम्ही बंद करायचं नाहीये. एलपी-ए मी आज कमी करू शकत नाही, म्हणून जे कमी करता येतं ते मला जास्त कमी करायचंय." हे मला पटलं. पदरात पडलेलं जे बदलत नाही त्याची भरपाई बदलणाऱ्याकडून करायची. हृदयाच्या धमन्यांचा कॅल्शियम स्कोअरचा स्कॅन करू का विचारलं तर म्हणाले, तुमच्या वयाच्या बाईत शून्य यायचीच शक्यता जास्त, तो स्कॅन कॅल्शियम झालेले जुने थर बघतो, मऊ थर त्याला दिसत नाहीत, आणि शून्य आलं की तुम्ही गोळी सोडाल. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं.

गोळी सुरू केली. आठ आठवड्यांनी एलडीएल ८१ आलं. एचबीएवनसी ५.६च होतं.

कंबर अजून राहिलीये. १०४ सेंटीमीटर होती ती ८८ झाली, माझी उंची १५८, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी म्हणजे ७९च्या आत. नऊ सेंटीमीटर. घाई नाही.

आता दादा. एलपी-ए जास्त निघाली की सख्ख्या भावंडांनी तपासायची असते, प्रत्येकाकडे ती यायची शक्यता साधारण निम्मी. दादा ४८चा, बाबांचं वय ओलांडून गेलेला, अजून तसाच सडसडीत. फोनवर म्हणाला, अगं मला काय धाड भरलीये, माझी कॉलेजची पँट होते मला. मी तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी मी नीट बोलूच शकले नाही, तेव्हा तो म्हणाला, बरं रडू नको, उद्या देतो रक्त.

रविवारी आम्ही आईकडे जमलो. त्याने पाकीट माझ्याच हातात दिलं, स्वतः उघडलंही नव्हतं. एलपी-ए ११. एलडीएल ११८. मी त्याच्याकडे बघून हसले, मनातला दगडच उतरला, आणि पान उलटलं. एचबीएवनसी ६.१. उपाशीपोटी ११४.

त्याला पटेना. लॅबचं चुकलं असणार म्हणाला. मग मी त्याला त्या दोन डॉक्टरांच्या फोटोबद्दल सांगितलं, याज्ञिक आणि युडकिन, एक भारतीय, एक ब्रिटिश, २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात दोघांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र ब्रिटिशाच्या ९.१ टक्के आणि आपल्या माणसाच्या २१.२. बाहेरून दोघेही सडपातळच. दादा काही बोलला नाही. आईच्या शिलाईच्या डब्यातून टेप काढला, शर्ट वर केला आणि बेंबीच्या पातळीवर गुंडाळला. पोट आत ओढू नकोस म्हटलं, श्वास सोड. ९१. त्याची उंची १७४. निम्मे ८७. हात-पाय काड्यांसारखे, आणि मधे हे. मग टेप तसाच हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला.

"बाबांचं पण असंच होतं का गं आई? पोट?"

आई आत गेली आणि खाकी फाईल घेऊन आली. ती तिने इतकी वर्षं जपलीये हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. आत ऑफिसच्या मेडिकलचा एक कागद होता, त्यावर वजन ५८ आणि बीपीचा आकडा, लघवीत साखर नाही. आणि एक ईसीजीची पट्टी, त्या सकाळची. कागद पांढरा पडला होता, रेघ जवळपास दिसतच नव्हती, खिडकीशी तिरकी धरली तेव्हा जेमतेम दिसली. कोलेस्टेरॉल कुठेच नव्हतं. एलपी-एचा तर प्रश्नच नाही. दादाने ती पट्टी परत परत तिरकी करून बघितली.

आईने ती त्याच्या हातातून घेतली, पहिल्या घडीवरच परत घडी घातली आणि फाईलमध्ये ठेवली. मग आमचे दोघांचे रिपोर्ट घेतले, कडा जुळवल्या, त्याच्यावर ठेवले.

"या दोन्हींच्या झेरॉक्स काढ," ती मला म्हणाली. "पोरांच्या फायलीत पण लागतील."